ओठ चित्रात येत नाही

माझ्या जबड्याचा एक फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. लग्नाचे फोटो मी दोन-तीनदा पाहिले असतील, हा रोज पाहतो. काळ्या-करड्या रंगातला आहे. त्यात माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी पडलेली दिसते, पुढच्या दाढेला डोकं टेकून, दुपारी आळशी माणूस लोडाला टेकतो तशी. तिच्या मुळांच्या टोकाशी दोन बारीक पांढऱ्या रेघा आहेत. या दोन रेघांकडे मी वेळेवर नीट पाहिलं असतं तर पुढचं काही सांगायची वेळ आली नसती.

मी फैज. क्लॅरिनेट वाजवतो. बुधवार पेठेत आमच्या बँडचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर टांगलेले लाल कोट. माझे वडील दादामियाँ हे बँडमास्तर. लोक आम्हाला वरातीत नावानं हाका मारतात आणि वरात संपली की ओळख दाखवत नाहीत. त्याचं आम्हाला काही वाटत नाही, सवय आहे. अब्बांचे सगळे दात गेले आणि कवळी आली, तेव्हा त्यांचं क्लॅरिनेट माझ्याकडे आलं.

कवळी घालून क्लॅरिनेट वाजत नाही. खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडायचा आणि त्यावर पत्ती टेकवायची. पत्ती म्हणजे बोरूची पातळ पट्टी. ती थरथरते आणि सूर निघतो. किती थरथरू द्यायची ते ओठ ठरवतो. क्लॅरिनेट बोटांनी वाजतं असं ऐकणाऱ्यांना वाटतं, कारण बोटं दिसतात. ते ओठानं वाजतं.

हिवाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, माझा गाल सुजला. सुहाना, माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवते. पोरांना शिस्त लावायची तिला सवय आहे, तशी तिनं मलाही लावली आणि शनिवार पेठेत डॉक्टर सृष्टींकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या आणि मोजकं बोलत होत्या.

"तोंड उघडा. अजून उघडा. हे चावू नका, महाग आहे."

वायर लावलेली एक चपटी वस्तू, काडेपेटीपेक्षा थोडी लहान, त्यांनी माझ्या दाढेमागे सरकवली. बाहेर जाऊन बटण दाबलं. वस्तू माझ्या तोंडातून निघायच्या आत समोरच्या स्क्रीनवर माझी दाढ हजर होती. अब्बांच्या तरुणपणी फिल्म धुवायची, वाळवायची आणि मग खिडकीच्या उजेडात धरून बघायची, असं त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. इथं डॉक्टरांनी माऊस फिरवला आणि दाढ ताटाएवढी झाली.

"ही रेघ दिसतेय? आणि ही खालची? या दोन रेघांच्या मधून नस जाते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची. मुळापाशी येऊन रेघ तुटलीय, आणि तिथं मूळ काळं दिसतंय. म्हणजे मूळ आणि नस एकमेकांना खेटून आहेत."

"मग?"

"मग दाढ अख्खी ओढली तर ओठ बधीर होऊ शकतो. काही दिवस, काही महिने, नाहीतर कायमचा. तुम्ही काय करता?"

"क्लॅरिनेट वाजवतो."

त्यांनी माऊसवरचा हात काढला आणि पहिल्यांदा माझ्या दाढेऐवजी माझ्याकडे पाहिलं.

"मग ओढायची नाही. आधी थ्रीडी स्कॅन करून घ्या, खात्री होईल. तसंच निघालं तर वरचा भाग कापून काढू आणि मुळं आतच ठेवू. वरून हाड भरतं. बहुतेकदा ती मुळं पुढं काही त्रास देत नाहीत."

फोटो त्यांनी माझ्या मोबाईलवर पाठवला, स्कॅनच्या वेळी दाखवायला. गोळ्या दिल्या. सूज उतरली की या म्हणाल्या.

घरी अब्बांनी मोबाईल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. त्यांना हे कुणी शिकवलं ते मला माहीत नाही. वरातीचे व्हिडिओ बघून शिकले असतील.

"मुळं ठेवणार? अर्धा दात तोंडात?"

"डॉक्टर म्हणतात, हाड भरतं."

"डॉक्टर क्लॅरिनेट वाजवतात का?" अब्बा म्हणाले. "तुटका दात आत राहिला की फुंक फुटते. लाकडाला केसाएवढी चीर गेली की अख्खं क्लॅरिनेट फुकट जातं. जबड्याचं वेगळं काय असतं? काढायचा तर पुरा काढायचा."

"अब्बा, दाढ काही वाजत नाही," सुहाना म्हणाली.

"बेटी, तू शाळेतलं बघ."

हे खूळ एकट्या अब्बांचं नव्हतं. आमच्या धंद्यात फुंकून वाजवणारे बरेच जण असं मानतात की जबड्यात तुकडा राहिला की हवा तिथून गळते. अब्बांच्या बाबतीत तर ते सिद्धच झालेलं होतं. त्यांच्या तोंडात एक मोडकं मूळ होतं, एका वरातीत त्यांचा सूर फाटला, आणि त्यांनी मूळ काढून टाकलं. त्यांचे बाकीचे दातही तेव्हा हलत होते आणि सूर त्यानं फाटला असेल, असं सुहानानं एकदा सुचवून पाहिलं होतं. अब्बांनी त्यावर दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. एकही फोटो न काढता आपण सगळे दात काढून घेतले याचा त्यांना अभिमान होता. स्कॅनचं मग पुढं पुढं ढकललं गेलं. वाजवायच्या सुपाऱ्या होत्या, आणि गोळ्यांनी दुखणं थांबलं होतं.

ते पुन्हा सुरू झालं वाघोलीत. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लग्नाचे लॉन्स आहेत. दुपारचं लग्न एका लॉनवर वाजवायचं आणि संध्याकाळची वरात पलीकडच्या लॉनवर, अशी आमची त्या दिवशीची सुपारी होती. मधल्या वेळात दाढेनं जीव खाल्ला. मी अब्बांना फोन केला.

"तिथंच कुणाकडं तरी काढून टाक," ते म्हणाले. "पुरी."

जवळच एक दातांचा दवाखाना होता. डॉक्टर हसतमुख होते. मी लाल कोटातच खुर्चीत बसलो. दाढेचा फोटो आहे माझ्याकडे, असं म्हणून मी खिशात हात घातला.

"फोटो कशाला? दिसतेय ना समोर. अशा रोज काढतो. पुरी काढायची ना?"

"पुरी काढा," मी म्हणालो. आवाज माझा होता, शब्द अब्बांचा. मोबाईल खिशातच राहिला.

दाढ निघाली. बराच वेळ लागला आणि एकदा आत काहीतरी करकरलं, पण निघाली. त्यांनी ती मुळांसकट मला दाखवली. मुळं लांब आणि वाकडी होती. इंजेक्शन दोन-तीन तासांत उतरेल म्हणाले. संध्याकाळच्या वरातीत मी न वाजवता नुसता चाललो. रात्री जेवताना उजवा ओठ जड होता. सकाळी जीभ मोकळी झाली, ओठ नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही.

मी डॉक्टर सृष्टींकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फोटो दाखवला नाहीत?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "नस जागी व्हायला लागली तर मुंग्या येतील, टोचेल, आग होईल. तसं झालं की कळवा. तेच चांगलं लक्षण."

"आणि नाही झालं तर?"

"तर नाही झालं."

बधीर ओठ म्हणजे काय ते सांगतो. ओठ असतो. आरशात दिसतो, हलतोही. पण हात लावला तर दुसऱ्याच्या ओठाला हात लावल्यासारखं वाटतं. चहा पिताना उजवीकडून गळतो आणि तो शर्टावर पडल्यावर कळतं. जेवताना सुहाना स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची, म्हणजे मी माझी पुसायची, असं आमचं ठरलं. ती ते इतक्या सहज करायची की समोर बसलेल्याला कळायचं नाही. मला मात्र प्रत्येक वेळी कळायचं, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे तेही होईना.

हे मला जास्त विचित्र वाटलं. मला राग यायला हवा होता. वाघोलीच्या डॉक्टरवर, अब्बांवर, स्वतःवर. मी रागाची वाट पाहत होतो. तो आलाच नाही. सकाळी उठायचो, फोटो बघायचो, हनुवटीवर टिचकी मारून पाहायचो, लाल कोट घालायचो. कुणी हसवलं तर हसायचो, म्हणजे डाव्या बाजूनं. सुहानानं एकदा विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, काही नाही. ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि मनात हे चाललं होतं की उद्याची सुपारी किती वाजताची आहे, आठची की नऊची.

वरातीत मी वाजवत नव्हतो. वाजवत असल्याचं दाखवत होतो. फुंकलं की उजव्या कोपऱ्यातून फस्‌ करून हवा जायची आणि सूर किंचाळायचा. म्हणून मी पत्ती ओठावर नुसती टेकवायचो आणि बोटं चालवायचो. दुसरं क्लॅरिनेट वाजवणारे नागोराव माझ्या वाट्याचंही फुंकायचे. नाचणाऱ्यांना काय, ढोल ऐकू आला की झालं. साइड ड्रमवाला समाधान माझ्या शेजारी चालायचा. एकदा तो ड्रम न थांबवता म्हणाला, "फैजभाई, तुमची बोटं फार सुरात आहेत हो." पुढं त्यानं विषय काढला नाही. हा माणूस मला तेव्हापासून फार आवडतो.

अब्बांना काही माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे ते वरातीला येत नसत, ऑफिसात बसून सुपाऱ्या घेत. सूज आहे, उतरतेय, असं मी त्यांना सांगत राहिलो. खरं सांगायचं तर 'तुमच्यामुळं' हा शब्द मधे येणारच होता. मी तो कितीही गिळला असता तरी त्यांनी ऐकला असता. माझा ओठ गेला ते गेलाच, अब्बाही जायला नकोत, एवढंच मला तेव्हा समजत होतं.

पण गणपती जवळ आले. शनिवार पेठेतलं एक मंडळ आहे, लहानसं. त्यांचा गणपती बसतो त्या सकाळी चौकापासून मांडवापर्यंत मूर्तीपुढं एकटं क्लॅरिनेट वाजतं. ढोल नाही, झांज नाही, काही नाही. आरतीची चाल, संथ, चालत चालत. त्या तेवढ्या रस्त्यावर माणसं गप्प उभी राहतात, आणि पुण्यात माणसं गप्प उभी राहतात हे काही लहानसहान नाही. आधी कित्येक वर्षं हे अब्बांनी वाजवलं, त्यांच्यानंतर मी. आमच्या घराचा मान म्हणायचा तर तेवढाच आहे.

मंडळाचे अध्यक्ष महिपती ऑफिसात आले.

"मागच्या वर्षीसारखंच वाजवा. नवीन काही सुचलं तर घरी ठेवून या."

"फैज वाजवेल," अब्बा म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो. मी मान डोलावली. ती का डोलावली ते मला सांगता येणार नाही.

महिपती गेल्यावर अब्बांनी भिंतीवरून क्लॅरिनेट काढून माझ्या हातात दिलं. "वाजव. ऐकू दे."

मी फुंकलं. सूर किंचाळला. पुन्हा फुंकलं, फस्‌ झालं. मी ओठ आणखी दाबला, दातांनी धरून ठेवला, आणि एक सूर निघाला, फाटका, पण निघाला. तो धरून मी पुढं जाऊ लागलो. समोर अब्बा हळूहळू खुर्चीतून उठत होते. मला वाटलं, चालीत चूक झाली. ते माझ्या मनगटाकडे बघत होते. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर लाल ठिपके पडले होते आणि पडतच होते. मी स्वतःचा ओठ चावून फोडला होता.

"दुखत नाही?" अब्बांनी विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"नाही."

"कधीपासून?"

"वाघोलीपासून."

ते खाली बसले. आत्तापर्यंत चाळीस माणसांना एका नजरेनं गप्प करणारा हा माणूस टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिथंच ठेवत राहिला. मग त्यांनी हात पुढं केला. "तो फोटो दाखव."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दवाखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, कवळी चकचकीत घासलेली. अब्बा कवळीच्या बाबतीत फार जपणारे. घरात आजवर कुणीही त्यांना कवळीशिवाय पाहिलेलं नाही. अम्मी होती तेव्हा तिनंसुद्धा नाही, असं ती म्हणायची. झोपताना ते भिंतीकडे तोंड करून झोपत.

डॉक्टर सृष्टींनी माझा नवा फोटो काढला. जुना आणि नवा स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. अब्बा पुढं वाकले.

"पण हा तर डावीकडचा दिसतोय. याची उजवी दाढ होती ना?"

"तुम्ही यांच्यासमोर तोंड करून उभे आहात असं समजा," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं उजवं तुमच्या डाव्या हाताला येतं. फोटो तसाच बघायचा असतो."

अब्बांनी स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं, मग माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं. "समजलं."

नव्या फोटोत दाढ नव्हती. तिच्या जागी हाड भरत आलेलं होतं, आणि खाली त्या दोन पांढऱ्या रेघा इकडून तिकडं सरळ गेल्या होत्या. कुठं तुटलेल्या नाहीत, काही नाही.

"छान भरलंय," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे नस बरी झाली?" अब्बांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"नस यात दिसत नाही. नस ज्या वाटेनं जाते ती वाट दिसते. नस दिसत नाही आणि ओठ चित्रात येत नाही. ते यांनीच सांगायचं."

मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. कापसाची बारीक वात ओठावरून फिरवणार, जिथं जाणवेल तिथं बोट वर करा. डावीकडे जाणवलं. मी बोट वर केलं. मग काही जाणवेना. मला ठाऊक होतं की आता त्या उजवीकडे आल्या आहेत. अब्बा शेजारी बसलेले होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आयुष्यभर मी ताल मोजला आहे. डावीकडे त्या किती वेळानं वात टेकवत होत्या ते माझ्या अंगात बसलं होतं. मी त्या तालावर बोट वर करत गेलो. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. छान जमत होतं.

खोलीत फार शांत झालं तेव्हा मी डोळे उघडले. वात ट्रेमध्ये पडलेली होती. डॉक्टर हात मागं घेऊन नुसत्या बसल्या होत्या. अब्बा माझ्या वर केलेल्या बोटाकडे बघत होते.

मी बोट खाली घेतलं. 

"मुळं ठेवली असती तर?" अब्बांनी विचारलं.

"तर बहुतेक हे झालं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते चढवून सांगितलं नाही की उतरवून सांगितलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही, पण नुसती वाट बघत बसू नका. दाढी आरशात बघून करता ना? तसं बाकीचंही बघून करा. जाणवत नाही ते लोक बघून शिकतात."

रस्त्यात अब्बा माझ्याकडे न बघता चालत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावले, खोटं बोट वर केलं म्हणून. मला त्याचंही विशेष काही वाटलं नाही.

सुहानानं तिचा छोटा आरसा रबर बँडनं माझ्या नोटेशनच्या स्टँडला बांधून दिला. मी त्याच्यासमोर बसलो. पत्ती ओठावर ठेवली. उजवा कोपरा ढिला पडलेला मला दिसला. तो मी डोळ्यांनी बघत बघत आत ओढला. फुंकलं. आणि सूर आला. साधा, गोल, न फाटलेला. सुहाना स्वयंपाकघरातून हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मी आरशावरून नजर काढली नाही, कारण काढली की कोपरा सुटत होता. रोज वाजवू लागलो. आरशात बघितलं की वाजायचं, नजर हलली की फस्‌.

एका संध्याकाळी अब्बा दारात उभे राहून हे बघत होते.

"मिरवणुकीत आरसा कोण धरणार?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "चालत चालत स्टँड नेता येत नाही. महिपतींना सांगून टाका, यंदा नागोराव वाजवतील."

अब्बा निघून गेले. मी समजलो, सांगायला गेले.

गणपतीच्या सकाळी मी चौकात पोचलो तेव्हा नागोराव मागच्या रांगेत निवांत उभे होते. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मूर्ती सजून तयार होती. महिपती घड्याळ बघत होते. एवढ्यात गल्लीतून अब्बा आले. अंगात त्यांचा जुना बँडमास्तरचा कोट होता, खांद्यावरची सोनेरी वेलबुट्टी काळी पडलेली. गुडघ्यांमुळे ते डुलत डुलत चालत होते. ते थेट माझ्यासमोर येऊन थांबले, रस्त्याकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडात बोट घातलं आणि कवळी काढली. खालची, मग वरची. सगळ्या चौकासमोर. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. त्यांचा चेहरा एकदम आत गेला. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. महिपती पुढं होऊन म्हणाले, "दादामियाँ, तब्येत बरी आहे ना?" अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कवळीनं ओठ खोटं बोलतो," ते मला म्हणाले. बोळक्या तोंडातून शब्द ओले निघत होते. "माझ्याकडं बघ. माझं डावं ते तुझं उजवं. फोटोसारखं."

त्यांनी खालचा ओठ आत दुमडला, तोंडात क्लॅरिनेट असावं तसा, आणि डावा कोपरा घट्ट ओढला. मी माझा उजवा ओढला. तो कुठं गेला ते मला कळलं नाही. अब्बांनी मान डोलावली म्हणून समजलो की बरोबर जागी गेला. मी फुंकलं.

सूर चौकभर गेला.

ते एक पाऊल मागं गेले, मी एक पाऊल पुढं गेलो. ते उलटे चालत राहिले. समाधाननं ड्रम पाठीला सरकवला आणि अब्बांच्या मागं एक हात धरून चालू लागला, ते खड्ड्यात जाऊ नयेत म्हणून. अब्बांची नजर माझ्या ओठावरून हलली नाही. वरच्या सुराला ते कोपरा आणखी ओढायचे, इतका की गालाची कातडी थरथरायची, आणि मी ओढायचो. खालच्या सुराला सोडायचे, मी सोडायचो. श्वास कुठं घ्यायचा तेही तेच घेऊन दाखवत होते. बाजूला काही जण मोबाईल धरून उभे होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मधे एकदा माझा सूर घसरला. अब्बांनी डोळे वटारले, लहानपणी वटारायचे तसेच, आणि स्वतःचा ओठ असा काही आवळला की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा सूर जागेवर आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. मला भीती वाटली, हा रस्ता संपेल याची.

रस्ता संपला. मांडव आला. शेवटचा सूर मी जेवढा धरता आला तेवढा धरला, कारण तो सोडला की अब्बा ओठ सोडणार होते. मग सोडला. मागं ढोल सुरू झाले, गुलाल उडाला, महिपती कुणावर तरी ओरडू लागले. अब्बा धापा टाकत उभे होते. समाधानचा हात अजून त्यांच्या पाठीशी होता.

त्यांनी खिशाकडे हात नेला. मला वाटलं, आता कवळी घालतील. त्यांनी ती घातली नाही. ते पुढं आले आणि अंगठ्यानं माझी हनुवटी पुसली, उजवीकडची, लाळ आली होती ती. लहान पोराची पुसतात तशी, दोनदा.

मला काही जाणवलं नाही. मी खाली बघितलं, तेव्हा त्यांचा हात दिसला.